फेस्ताच्या पैशांत घोळ करणाऱ्या खजिनदाराला क्षमा केली. आता पेटीची चावी परत द्यायची का?

डिचोलीची वाचक

नमस्कार. आकडे दिल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

वाड्यावरच्या खुर्साचं (क्रुसाचं) फेस्त, म्हणजे वार्षिक सण, मे महिन्यात झालं. घरोघरची वर्गणी आणि लादिनीच्या (खुर्सापुढच्या सामूहिक प्रार्थनेच्या) रात्रीची दानपेटी मिळून १,८५,००० रुपये जमले. मांडव, बँड, रोषणाई, लादिनीनंतरचे चणे, जेवण यांची बिलं १,२३,००० ची. म्हणजे ६२,००० शिल्लक हवे होते. पेटीत ८,००० निघाले. ५४,००० चा मेळ लागेना, तेव्हा खजिनदाराने समितीच्या चार जणांसमोर कबूल केलं की पैसे त्यानेच वापरले. रडला, पाया पडला. चौघांनीही क्षमा केली, आणि ती तोंडदेखली नव्हती.

आता तो म्हणतो, "क्षमा केलीत ना? मग पुढच्या वर्षीही पेटी माझ्याकडेच राहू दे, नाहीतर लोक मला चोर म्हणतील." समितीत दोन तट पडलेत. काही म्हणतात, सात वेळा नव्हे तर सत्तर वेळा सात अशी क्षमा करायला सांगितलंय, तर चावी द्या. काही म्हणतात, सरळ पोलिसांत जा आणि त्याला समितीतून काढून टाका.

माझे प्रश्न तीन. चावी न देणं म्हणजे क्षमा मागे घेणं होतं का? क्षमा केल्यावर पैसे परत मागावेत का? आणि वाड्यावर हिशेब विचारतायत, त्यांना काय सांगायचं?

---

धर्मशिक्षक, म्हापसा

ताई, चावी देऊ नका. आणि क्षमा केली आहे त्यातला एक दाणाही परत घेऊ नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

सत्तर वेळा सात हे बायबलमधल्या मत्तयच्या १८ व्या अध्यायातलं २२ वं वचन आहे. त्याच अध्यायात १५ ते १७ ही वचनं आधी येतात आणि तीच वगळली जातात. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही तर मंडळीला सांग. ज्या प्रभूने मोजदाद न ठेवता क्षमा करायला सांगितली, त्यानेच साक्षीदार घेऊन जायलाही सांगितलं. पुढचा दाखला कर्जदार चाकराचा. त्याला १०,००० तालांत माफ झाले. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली ती! त्याने मात्र सोबत्याला १०० दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या रोजासाठी, गळा धरून तुरुंगात टाकलं. राजाने कर्ज माफ केलं एवढंच तिथे आहे. खजिन्याचा कारभार पुन्हा त्याच्याकडे दिला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

क्षमा ही तुमच्या मनातली गोष्ट आहे, ती एका क्षणात आणि फुकट देता येते. विश्वास दोघांच्या मधला असतो. तो एकाने मोडला तर दुसऱ्याला एकट्याने पुन्हा उभा करता येत नाही.

दावीद आणि शौल पाहा (१ शमुवेल २४). दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्याच हाती सापडला. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, जीव घेतला नाही. शौल मोठ्याने रडला, "माझ्या मुला" म्हणाला, तू माझ्याहून नीतिमान आहेस असं कबूल केलं. यापेक्षा चांगली माफी कुणी मागेल? अध्यायाचं शेवटचं वचन असं की शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. त्याच्यासोबत राजवाड्यात गेला नाही. दोनच अध्यायांनी शौल ३,००० माणसं घेऊन पुन्हा त्याच्या मागावर आहे. ते रडणं खोटं होतं असं मला वाटत नाही. खरं रडूनही माणूस पुन्हा तेच करू शकतो, आणि हे दाविदाला माहीत होतं.

योसेफाची गोष्ट तुमच्या प्रश्नाला याहूनही जवळची आहे (उत्पत्ति ४२ ते ४५). भावांनी त्याला विकलं होतं. पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला. ते त्याच्याकडे धान्याला आले तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत आड जाऊन डोळे पुसले, त्यांची पोती भरून दिली, वर पैसेही पोत्यात परत ठेवले. दया पहिल्या दिवसापासून. ओळख मात्र दिली नाही. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं आणि पुढच्या खेपेला धाकट्या बेन्यामिनाच्या पोत्यात चांदीचा प्याला ठेवला. का? जुनाच प्रसंग त्यांच्यापुढे पुन्हा उभा करायला. बापाचा लाडका धाकटा संकटात आहे आणि त्याला टाकून निघून जायची सोय आहे. ज्या यहूदाने योसेफाला विकायची कल्पना काढली होती तोच पुढे आला आणि म्हणाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा. त्यानंतरच योसेफ "मी योसेफ आहे" म्हणाला. शिवाय ही परीक्षा अशी बेतलेली होती की भाऊ नापास झाले असते तरी बेन्यामिनाला काही होणार नव्हतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की या माणसाला परत उभं करायचं ते त्याच्या चुकीने कुणाचं नुकसान होणार नाही अशा कामांतून. मांडवाच्या कामावर देखरेख, खुर्साची रंगरंगोटी, लादिनीला लोकांना बोलावणं. रोख पैसे नकोत.

आणखी एक सांगतो, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण रोज "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" अशी प्रार्थना करतो. ज्याला रोख पैशाचा मोह आवरला नाही, त्याच्या हाती वर्षाच्या आत पेटी देणं म्हणजे आपणच त्याला परीक्षेत लोटणं. चावी काढून घेणं ही त्याच्यावरची दया आहे, आणि हे त्याला याच शब्दांत सांगा.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांनी इस्पितळातूनच, गोळी घालणाऱ्याला मनापासून क्षमा केल्याचं जाहीर केलं. २७ डिसेंबर १९८३ ला तुरुंगात जाऊन त्याच्याजवळ बसले. तो माणूस मात्र २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगात राहिला, आणि पोपच्या गाडीला गोळी न भेदणारी काच बसली. क्षमा पुरी होती आणि काचही जाड होती.

---

हिशेबतपासनीस, फोंडा

वरचं सगळं मान्य. मी पैशांच्या बाजूने लिहितो, कारण दया आणि शहाणपण दोन्ही शेवटी वहीत उतरावं लागतं.

पैसे परत मागा. तुम्ही चौघांनी क्षमा केलीत ती तुमच्या दुखावल्या मनाची. ५४,००० तुमचे नव्हेत, वाड्याचे आहेत. दुसऱ्याच्या पैशांवर उदार होण्याचा अधिकार समितीला नाही. जकातदार जक्कयाने (लूक १९) अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवून घेतलं त्याच्या चौपट परत करतो म्हणाला. गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असा नियम आहे. तुमच्या बाबतीत पाचवा हिस्सा १०,८०० होतो. तो तुम्ही मागू नका. त्याने आपणहून देऊ केला तर घ्या आणि खुर्साच्या डागडुजीला लावा. जक्कयाकडेही कुणी चौपट मागितलं नव्हतं.

वसुली अशी करा.

कबुली कागदावर घ्या, आठ दिवसांच्या आत. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, तारीख, त्याची सही, दोन साक्षीदार. "उसने घेतले" असं लिहू नका, तसं झालेलं नाही. "माझ्याकडे सांभाळायला असलेल्या फेस्ताच्या पैशांतून मी वापरले" असं लिहा. कागद दडपणाखाली लिहून घेऊ नका. त्याला वाचायला एक दिवस द्या, घरच्यांना दाखवू द्या. धमकावून घेतलेली सही पुढे उलटते आणि ती दयेलाही धरून नाही.

हप्ता त्याला पेलेल असा ठरवा. दरमहा ३,००० धरले तर १८ महिने. दरमहा ९,००० लिहून घ्याल तर तो दोन देईल आणि तिसऱ्याला तोंड चुकवू लागेल. मग पैसेही जातील, माणूसही जाईल. बहुतेक समित्यांचं इथेच चुकतं. रागाच्या भरात मोठा हप्ता लावतात आणि नंतर कंटाळून सगळंच सोडून देतात. प्रत्येक हप्त्याची पावती द्या. ५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, ३,००० ला नाही. पैशांसाठी दावा लावायची मुदत सहसा तीन वर्षांची आहे. मुदत संपण्याआधी लेखी, सहीनिशी कबुली मिळाली तर त्या तारखेपासून ती नव्याने मोजली जाते. म्हणून कागद हवाच.

आता पुढच्या फेस्ताची व्यवस्था. हा भाग तुमच्या त्या माणसापुरता ठेवू नका, नव्या खजिनदारालाही लावा. प्रेषित पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर दुसरे बंधू पाठवले आणि कारणही लिहिलं: या मोठ्या रकमेबद्दल कुणी आम्हांला दोष देऊ नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते करावं (२ करिंथ ८:२०-२१). पौलावर कुणाचा संशय होता म्हणून नव्हे. संशयाला जागाच राहू नये म्हणून.

पेटीला दोन कुलुपं, दोन वेगळ्या घरांत चाव्या. पेटी लादिनीच्या रात्रीच, लोक उठायच्या आत, तिथल्याच टेबलावर तिघांनी मोजायची. नोटांचे गठ्ठे मूल्यानुसार लावून कागदावर लिहायचे: ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, सुटे किती. खाली तिघांच्या सह्या. त्या कागदाचा फोटो तिघांच्याही मोबाइलवर. बँकेच्या लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पैसे बँकेत. "उद्या सकाळी मोजू" म्हटलं की तिथेच गळती सुरू.

पावतीपुस्तकं छापील, क्रमांक घातलेली, आणि दिलेल्या पुस्तकांची नोंद. उरलेलं कोरं पुस्तकही परत जमा करून घ्यायचं. ज्या पुस्तकाचा ठावठिकाणा नाही, तेच पुस्तक पैसे खातं. एकाने वर्गणी घ्यायची, दुसऱ्याने खर्चाला मंजुरी द्यायची, तिसऱ्याने वही लिहायची. एकाच हातात तिन्ही कामं असली की तो हात देवदूताचा असला तरी मी नको म्हणेन.

आजकालचा सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे खजिनदाराच्या खाजगी मोबाइलवरचा क्यूआर कोड. वर्गणी त्याच्या खात्यात, त्याच खात्यातून घरचं वीजबिल, मुलाची फी, दुकानाचे पैसे. चार दिवसांनी त्याला स्वतःलाही सांगता येत नाही की यातलं माझं किती आणि फेस्ताचं किती. चोरी करायची म्हणून कुणी बसत नाही. "पगार झाला की भरतो" म्हणून पहिले ५०० जातात. मत्तय १०:१६ मध्ये सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा असं आपण वाचतो. तिथल्या दुसऱ्या गुणाला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ "भेसळ नसलेला". पाणी न घातलेला द्राक्षारस, हिणकस न मिसळलेला धातू, त्यांना तो शब्द लावत. खात्यातही भेसळ नको, एवढं केलंत तरी पुष्कळ माणसं पापातून वाचतील. समितीच्या नावाने खातं उघडा, पैसे काढायला दोघांच्या सह्या. बँक ठराव, पॅन आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रं मागेल. ते जमत नसेल तर फेस्ताची रक्कम चर्चच्या हिशेबात जमा करून पावती घेता येईल का, ते विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रींना) विचारा.

आणि हिशेब जाहीर करा. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असं कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेतही आहे (कानोन, म्हणजे कलम, १२८७).

---

डिचोलीची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. काल दोन गोष्टी नव्याने कळल्या, त्यामुळे पुन्हा विचारते.

पैसे मटक्यात गेलेत. त्याच्या बायकोने समितीतल्या एका बाईकडे २०,००० उसने मागितले, "बाहेरच्या एकाचं देणं भागवायचंय" म्हणून. आणि तो म्हणतो की पाद्रींकडे कुमसार (पापांची कबुली) झाला आहे, देवापुढे हिशेब मिटला, आता तुम्ही कोण मागणारे?

---

मडगावची शेजारीण

आधी कुमसाराचं. कुमसाराने पाप माफ होतं, देणं माफ होत नाही. कॅथलिक शिकवणीत हे अगदी स्पष्ट आहे: चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती भरून काढणं, हे ज्याला शक्य आहे त्याने करायलाच हवं (कॅथलिक धर्मशिक्षण, परिच्छेद १४५९). तो खरोखर गेला असेल तर हे त्याच्या कानावर पडलं असण्याची शक्यता मोठी. पण कृपा करून पाद्रींना जाऊन विचारू नका. कुमसारात ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, आणि ते ऐकून त्याला एखाद्या जागेवरून हटवूही शकत नाहीत. तुमचं म्हणणं त्यांना वेगळं, कुमसाराच्या बाहेर, समिती म्हणून सांगा. मगच त्यांना काही करता येईल.

२०,००० रोख देऊ नका. बायको खोटं बोलते असं मी म्हणत नाही. मटक्याच्या घरात रोख रक्कम टिकत नाही, आणि "एकदाच, शेवटचं" देणं फिटलं की पुढची उधारी मिळायची वाट मोकळी होते. सावकारापुढे जामीनही राहू नका. नीतिसूत्रं २२:२६-२७ मध्ये स्पष्ट बजावलंय, नाहीतर अंगाखालचं अंथरूणही जाईल.

मदत मात्र करा, आणि भरपूर करा. तांदूळ, डाळ, तेल घरी पोहोचवा. मुलांची फी शाळेत थेट भरा आणि पावती आईच्या हाती द्या. दुकानातली उधारी दुकानदाराला देऊन खातं बंद करून घ्या. औषधं आणून द्या. "तुझ्या शत्रूला भूक लागली असेल तर खायला दे" (रोम १२:२०) यात खायला द्यायचं आहे, आणि हा तर शत्रूही नव्हे. बायको कमावती असेल तर तिच्या एकटीच्या नावावर खातं, एटीएम कार्ड आणि पिन तिच्याकडेच. घर किंवा जमीन गहाण टाकायचा विषय निघाला तर तिने कुठेही सही करण्याआधी वकील गाठावा. गोव्याच्या दिवाणी कायद्याखाली लग्न झालं असेल तर सहसा निम्मी मालमत्ता तिची असते आणि तिच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. हे अनेक बायकांना माहीतच नसतं.

मटका ही व्यसनाची गोष्ट आहे, "मी सोडलं" या शब्दाने ती सुटत नाही. सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात जुगाराच्या व्यसनासाठी जाता येतं. सोबत कुणीतरी जा, एकट्याला पाठवू नका. गलतीकरांस ६:१ मध्ये पडलेल्याला सौम्यतेने सावरा म्हटलंय आणि त्याच वाक्यात "स्वतःकडेही लक्ष दे" म्हटलंय. त्याला समजवायला जाणाराच अधूनमधून आकडा लावणारा नसावा, एवढं बघा.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. वरच्या दोन्ही उत्तरांतलं सगळं तंतोतंत पाळूनही तुम्ही हा माणूस गमावू शकता. कुलुपं लागतील, कागद होतील, पावत्या फाटतील, आणि त्याच्या घरी कुणी चहाला जाणार नाही. करिंथच्या मंडळीत एकाला शिक्षा झाली होती. पौलाने नंतर लिहिलं की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-८). "बुडून जाईल" हा शब्द मनावर घ्या. जुगाराचं कर्ज आणि गावभर नाचक्की एकत्र आली की माणूस स्वतःचा जीव द्यायला निघू शकतो. तो अबोल झाला, हिशेब आवरल्यासारखं बोलू लागला, तर पैशांचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे.

---

ख्रिस्तभक्त, वास्को

मला हे सगळं फार कडक वाटतं. साक्षीदार, कागद, कुलुपं! प्रभूने "हिशेब लिहून घे" असं कुणाला सांगितलं? प्रभूचा घात करणारा शिष्य यहूदा इस्कर्योत पेटीतून घेतो हे माहीत असूनही (योहान १२:६) पेटी त्याच्याकडेच ठेवली होती ना?

---

धर्मशिक्षक, म्हापसा

दादा, प्रश्न चांगला आहे, आणि यहूदाचं उदाहरण खरंच अवघड आहे. ते मी झटकून टाकणार नाही.

पण त्याचा शेवट काय झाला तेही त्याच गोष्टीत आहे. त्या पेटीने यहूदाचं भलं झालं नाही. प्रभूने आपला घात होणार हे जाणून जे सोसलं ते स्वतःच्या अंगावर सोसलं, दुसऱ्यांच्या पैशांची जोखीम घ्यायचा कित्ता म्हणून ते आपल्याला दिलेलं नाही. योहान २:२४-२५ वाचा: लोक त्याच्यावर विश्वास ठेवू लागले, पण त्याने स्वतःला त्यांच्या हवाली केलं नाही, कारण माणसाच्या मनात काय आहे हे तो जाणत होता. प्रेम सगळ्यांवर आणि भरवसा ओळखून, असं तो स्वतः वागला.

कागदाचं म्हणाल तर पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा. फिलेमोनाकडून पळून गेलेल्या अनेसिम या दासाला पौल परत पाठवतो, भावासारखा स्वीकार म्हणतो, आणि लगेच लिहितो: त्याने तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. देणं त्याने नाकारलं नाही, पुसलंही नाही. स्वतःच्या नावावर घेतलं. समितीत कुणाला खरोखर जास्त दया दाखवायची असेल तर हा रस्ता मोकळा आहे: त्या १८ हप्त्यांपैकी दोन-चार स्वतःच्या खिशातून भरावेत, आणि ते उघडपणे वहीत लिहावेत.

---

पणजीचा वकील

थोडक्यात लिहितो. सांभाळायला दिलेले पैसे स्वतःसाठी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. या प्रकरणात कबुली आहे आणि फेडायची तयारी आहे, म्हणून आधी आपसात मिटवणं शहाणपणाचं. पण "पैसे दे नाहीतर पोलीस" असं रोज टांगून ठेवू नका. तक्रार करायची तर करा, नाही तर तो शब्द काढू नका. एकदा एफआयआर झाला की तो मागे घेणं तुमच्या हातात राहत नाही, तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. त्याने नाकबूल केलं, वही फाडली किंवा गाव सोडलं तर मात्र वेळ दवडू नका.

हे वाचून कुणी दुसऱ्या प्रकारच्या अपराधाला हीच रीत लावेल याची मला भीती आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर समिती, विगार, वडीलधारे यांनी बसून मिटवायचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. मुलासमोर अपराध्याला माफी मागायला उभं करू नका. चाइल्डलाइन १०९८. घरात मारहाण होत असेल तर बाईला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणारा तिला मारेकऱ्याच्या हाती देतोय. आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती आणि दोन मुलगे जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात जाळले गेले. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली. खटला चालतच राहिला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही आणि खटल्यामुळे क्षमा उणी झाली नाही.

---

डिचोलीची वाचक

समितीत सगळं वाचून दाखवलं. चावी न देण्यावर एकमत झालं, हप्ता ३,००० ठरला, कागदही तो लिहून देतो म्हणाला. वाड्यावर हिशेब कसा मांडायचा, नाव घ्यायचं का? आणि हप्ता घ्यायला आम्ही त्याच्या घरी जायचं की त्याने आणायचा?

---

हिशेबतपासनीस, फोंडा

कपेलाच्या (वाड्यावरच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या) फळ्यावर एवढंच लावा:

"फेस्ताचा हिशेब. जमा १,८५,०००. खर्च १,२३,००० (बिलं समितीकडे पाहायला मिळतील). हाती रोख ८,०००. येणे ५४,०००, लेखी कबुली घेतली आहे, १८ महिन्यांत जमा होईल. दर तीन महिन्यांनी जमा रक्कम इथेच लिहू."

"काही तांत्रिक अडचणीमुळे" असलं काही लिहू नका, ते खोटं आहे. नावही लिहू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. एकदा पुढे गेलेला मेसेज परत येत नाही, तो त्याच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचतो.

---

मडगावची शेजारीण

नावाबद्दल एक पुरवणी. ज्यांना माहीत नाही त्यांना विनाकारण दुसऱ्याचा दोष सांगणं, तो खरा असला तरी, पापच आहे. पण उद्या दुसऱ्या एखाद्या मंडळाने त्याला खजिनदार करायचं ठरवलं आणि तुम्हांला विचारलं, तर गप्प राहू नका. पौलाने आलेक्सांद्र तांबटाबद्दल तीमथ्याला नाव घेऊन सांगितलं, तूही त्याच्यापासून जपून राहा (२ तीमथ्य ४:१४-१५). ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला, गरजेपुरतं, एकट्याला. आणि बोलण्याआधी त्या खजिनदारालाच सांगा की मला विचारलंय, मी सांगणार आहे. तू स्वतः सांगितलंस तर जास्त बरं.

हप्ता त्याने आणावा. दर महिन्याची १० तारीख धरा, लादिनीच्याच जागी, दोघे जण हजर. पाच मिनिटांत पावती, आणि मग हवापाण्याच्या गप्पा. एखादा महिना चुकला तर त्याच आठवड्यात विचारा, तीन चुकेपर्यंत थांबू नका.

त्याच्या घरीही जा. १० तारखेच्या आसपास मात्र नको, शेजारपाजार समजतील वसुलीला आलेत. महिन्याच्या २०-२५ तारखेला, संध्याकाळच्या तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळी जा, मुलांसाठी काहीतरी घेऊन. पावतीपुस्तक घरी ठेवून जा.